बाटलीवरची पट्टी

२ एप्रिल १९७९, सोमवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. वेळ नेमकी सांगता येते, कारण सदर भागातल्या आमच्या छापखान्यात मालकांपुढे उभे राहिले की भिंतीवरच्या घड्याळाखेरीज पाहण्यासारखे काही नसे. मी पंचवीस वर्षांचा होतो आणि खिळे जुळवण्याचे काम करीत होतो. फोरमन महिनाअखेर निवृत्त होणार होते. त्यांची जागा मालकांनी मला देऊ केली, नवा पगार सांगितला. मी आभार मानून परत आलो. दोन ओळी जुळवून झाल्यावर लक्षात आले, की हा पगार कामगार विम्याच्या मर्यादेपलीकडे जातो.

या विम्याचा हिस्सा दर पगारातून कापला जाई. नोकरीला लागलो तेव्हा ती कपात मला जाचत असे. प्रकृती ठणठणीत होती. ‘मी आजारी पडत नाही, माझे कापू नका,’ असे मी कारकुनाला बजावले होते. त्याने मान वर न करता कापले. पुढे आई गेली आणि उमरेडहून वडील माझ्याकडे राहायला आले. त्यांचे आयुष्य हातमागावर गेले होते. दम्याने तो सुटला. माझ्या कार्डावर त्यांचे नाव चढले आणि विमा दवाखान्यातून औषध मिळू लागले. एका हिवाळ्यात ते अकरा दिवस रुग्णालयात होते. बिल आले नाही. त्यानंतर कपातीविषयी मी कधी बोललो नाही.

पगार मर्यादेपुढे गेला, की चालू मुदत संपताच कार्ड बंद होई. औषध बाजारातून घ्यायचे, तर सारी वाढ त्यात जाऊन जुन्या पगारालाही हात लागला असता. जेवणाच्या सुटीत एका प्रुफाच्या पाठीवर मी दोनदा हिशेब मांडला. दोन्ही वेळा तोच आला.

अडीच वाजता पुन्हा मालकांपुढे उभा राहिलो.

“मर्यादेच्या आत बसेल एवढीच वाढ द्या.”

मालकांनी चष्मा काढला. “काम फोरमनचंच करावं लागेल.”

“करीन.”

“इथे उभं राहून सगळे जास्त मागतात. तू कमी मागायला आलास. असा पगार सांगितलास तर मुलगी कोण देईल तुला?”

“वडिलांचं औषध आहे.”

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. “लिहून दे. उद्या मी तुझं नुकसान केलं, असं व्हायला नको.”

मी लिहून दिले. फोरमन माझ्या खांद्यावरून वाचत होते. “इतक्या वर्षांत असा अर्ज नाही पाह्यला गा,” ते म्हणाले. मग घाईने म्हणाले, “आज लवकर घरी जा.” कारण सांगितले नाही. ते आमच्याच गल्लीत राहत.

धरमपेठेत एका घरामागे आमची खोली होती. सायकल टेकवली तेव्हा वडील टोपी घालून खाटेवर बसले होते. शेजारी गाठोडे बांधलेले होते. खिडकीत औषधाची बाटली धुऊन पालथी ठेवली होती.

औषधासाठी बाटली आपलीच न्यावी लागे. किती औषध घ्यायचे ते कळावे म्हणून तिच्यावर खाचा कापलेली कागदी पट्टी चिकटवीत. वडिलांना बारीक खाचा दिसत नसत, म्हणून मी छापखान्यातल्या लाल कागदाच्या कातरणांतून मोठ्या खाचांची पट्टी कापून लावी. ती त्यांनी खरवडून काढली होती.

“कुठं निघाले बाबा?”

“उमरेडले. तुले सांगून जावं म्हणून थांबलो.”

“काहून?”

“फोरमननं कालच सांगितलं. तुले बढती भेटून राहिली. आता कार्ड बंद होईन तुयं. घरमालकीणबाईले दे ते बाटली, तेलाले होईन. मले काय, तिथली हवा चांगली हाय.”

“तिथं खाणीचा कोळसा उडून राहिला. अन् कार्डाचा कायदा तुम्हाले कोणी सांगितला?”

“दर मंगळवारी दोन घंटे रांगेत बसतो. तिथं सारेच वकील हायेत.”

मी पायातल्या चपला काढल्या. “वाढ कमी करून घेतली मी. कार्ड चालूच राहीन.”

वडील खाटेवरून उठले. दम लागल्याने त्यांचा आवाज बारीक झाला होता. “इतका येडा कसा गा तू?”

“तुमच्यावर गेलो.”

ते हसले नाहीत. टोपी काढून त्यांनी खुंटीला अडकवली. वडील त्यानंतर चार वर्षे जगले. तोवर माझा पगार मी मर्यादेच्या आतच ठेवून घेतला. त्याविषयी आमच्यात पुन्हा बोलणे झाले नाही.

गाठोडे मात्र त्यांनी लगेच सोडले नाही. आधी स्टोव्ह पेटवला, वाटीत चिमूटभर कणीक कालवली आणि ती ढवळत बसले. सुताला खळ देण्यात त्यांचा जन्म गेला होता. खळीत गुठळी राहिलेली त्यांना चालत नसे. वाटी माझ्यापुढे सरकवून म्हणाले, “उद्या मंगळवार हाय.”

मी पिशवीतून लाल कातरण काढले, सहा खाचा कापल्या, बाटली वडिलांच्या धोतराच्या सोग्याने कोरडी करून पट्टी चिकटवली आणि ती वाळेपर्यंत अंगठ्याने दाबून धरली.