दमाचा नकाशा

चष्म्याच्या दुकानात कामाला असलेल्या काकूंना नाक खुपसायची खोड जन्मजात. शेजारच्या सायकलच्या दुकानात दर रविवारी पाच-सहा माणसं टेबलावर ओणवी होऊन करतात तरी काय, या विचाराने त्यांना चैन पडेना. शेवटी एका रविवारी चहाचा कप हातात घेऊन बाई सरळ आत शिरल्या.

टेबलावर शहराचा नकाशा पसरला होता, खास सायकलवाल्यांसाठी. कामावर जाणाऱ्यांना कुठला रस्ता सोयीचा, हौसेने फिरणाऱ्यांना कुठला बरा, हवा भरायचा पंप कुठे, सायकल लावायला जागा कुठे, सगळं त्यात होतं. सोपा रस्ता हिरवा, चढाचा तांबडा.

"हा पुलाचा रस्ता हिरवा?" काकूंनी बोट ठेवलं. "काहीतरीच! तिथे नुसतं चालताना माझा जीव वर येतो."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. गंमत अशी, की सायकल मारून मारून त्यांचे पाय इतके तयार झाले होते, की चढ त्यांना चढ वाटायचाच नाही. आणि नकाशा तर नवख्यांसाठी होता.

"काकू, सायकल येते?" दुकानाच्या मिस्त्रीने विचारलं.

"शाळेत असताना येत होती. आता काय, दोन गल्ल्यांत धाप लागेल."

"मग तुम्हीच पाहिजे आम्हाला," मिस्त्री म्हणाला.

तेव्हापासून काकू रस्ते तपासायला लागल्या. मिस्त्रीची जुनी सायकल घ्यायची, एक रस्ता धरायचा, परत येऊन खुर्चीत बसायचं. मग सगळे विचारायचे, "कुठे दम लागला?" काकू सांगायच्या आणि शिकलेसवरलेले लोक कान देऊन ऐकायचे. घरी त्यांना कोणी काही विचारलंच, तर ते 'माझे मोजे कुठायत' एवढंच. त्या खुर्चीवर काकूंचा भारी जीव जडला.

काही महिन्यांनी टेकाडावरच्या दवाखान्याचा रस्ता त्यांनी हिरवा केला, तेव्हा त्यांची धाकटी नणंद खूश झाली. ती त्या दवाखान्यात कपडे धुवायच्या खात्यात होती आणि बसच्या गर्दीला कंटाळली होती. वहिनीच्या शब्दावर तिने सायकल घेतली. पहिल्याच दिवशी संध्याकाळी पाय ओढत घरी आली.

"वहिनी, तो रस्ता हिरवा कोणी केला?"

"मीच. का गं?"

"सायकलने गेली होतीस का विमानाने? जाताना अर्धा रस्ता मी सायकलला ढकलत नेलं."

काकूंना वाटलं, ही नाटकी आहे. तरी खोड गप्प बसू देईना. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या नणंदेबरोबर निघाल्या. चढावर काकूंची बडबड चालूच होती. मागून उत्तर येईना म्हणून वळून पाहिलं, तर नणंद खूप खाली उभी, तोंड लालबुंद. काकूंनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. श्वास जागच्या जागी होता.

म्हणजे त्यांना दम लागणंच संपलं होतं. आता त्यांना कोण विचारणार, आणि काय विचारणार? खोटी धाप टाकता येईल, हेही मनात येऊन गेलं. पण नणंदेसारखीच आणखी कोणी त्यांच्या भरवशावर निघायची आणि भर रस्त्यात रडायची, हे काही त्यांना सोसवेना.

रविवारी त्या नणंदेला घेऊनच दुकानात गेल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "दवाखान्याचा रस्ता तांबडा करा. मला आता चढ कळत नाही. मी बाद झाले." आणि त्या जायला वळल्या.

मिस्त्री हसायला लागला. "काकू, तुम्हाला काय वाटलं, आम्ही आईच्या पोटातूनच असे आलो? हे समोर बसलेत ना, हे पोस्टमन, पुलाच्या चढावर सायकल टाकून खाली बसले होते. ते तयार झाले, मग मी आलो. मी तयार झालो, मग तुम्ही. या टेबलाभोवती सगळे बाद झालेलेच आहेत. बसा."

त्याने आतून आणखी एक खुर्ची आणली. सगळे नणंदेकडे वळले.

"बोला ताई, कुठे दम लागला?"

नणंदेने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. ते खरंच तिच्या बोलण्याची वाट बघत होते. ती खुर्चीत नीट सरकून बसली, पदर सारखा केला.

"अगदी सुरुवातीपासून सांगू का?" ती म्हणाली.