घटसर्प दोन असतात

"हा घटसर्प दिसतोय," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी बॅटरी बंद केली. माझ्या सात वर्षांच्या वैष्णवीच्या घशात राखाडी पापुद्रा धरला होता. मान दोन्ही बाजूंनी सुजली होती. टॉन्सिल असतील असं समजून आम्ही तिला सेनगावकडच्या आमच्या गावाहून जीपनं हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात आणलं होतं.

"घटसर्पाची लस झालीय का?"

माझ्याआधी सासरेच बोलले. त्यांना आम्ही आबा म्हणतो. "व्हय साहेब. दरसाल असते. मिरगाच्या आधी."

डॉक्टरांनी मान वर केली. "दरसाल?"

"घटसर्प अन् फऱ्या, दोन्ही. समद्या ढोरायला टोचून घेतो. एक वासरू सुदिक सोडत न्हाई."

"आजोबा, मी नातीचं विचारून राहिलो."

आबा माझ्याकडे बघायला लागले. हसण्यासारखं होतं, पण हसायचं बळ कुणात होतं?

माणसाच्या घटसर्पाला डॉक्टर डिप्थेरिया म्हणतात. ढोरांचा घटसर्प निराळा. त्याचे जंतू निराळे, लसही निराळी. दोन्हीत गळा सुजतो, म्हणून जुन्या माणसांनी नाव एकच ठेवलं असावं. आबांच्या हिशेबी नाव एक म्हणजे आजार एक, आणि गोठा सांभाळला की घर सांभाळलं. दीड वर्षाच्या लसीनं वैष्णवीची मांडी सुजली होती, ताप आला होता. म्हणून पाचव्या वर्षी बूस्टर, म्हणजे आधीच्या लसीची आठवण करून देणारा डोस द्यायला नर्सताई आल्या, तेव्हा आबांनी अंगणातूनच सांगितलं, "घटसर्पाचंच हाय ना? त्याचा बंदोबस्त हाय आमच्याकडं." त्यांच्या शब्दाबाहेर घरात कुणी जात नाही.

हिंगोलीत जंतू मारायचं इंजेक्शन देऊन आम्हाला लगेच नांदेडला पाठवलं. तिथं अँटिटॉक्सिन दिलं. जंतू घशातच बसतो, पण त्याचं विष रक्तात उतरतं. अँटिटॉक्सिन म्हणजे त्या विषावरचा उतारा. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला आडपडदा न ठेवता सांगितलं, "रक्तात मोकळं फिरणारं विष हे औषध धरेल. हृदयाला चिकटलं असेल ते सुटत नाही. आता तिच्या हृदयावर लक्ष ठेवायचं."

लागण होते म्हणून खोली वेगळी. आत मी एकटी, तोंडाला मास्क. मलाही गोळ्या चालू होत्या. आबा बाहेर व्हरांड्यात. दवाखान्यात नुसतं बसून माणूस जेवढं थकतं तेवढं दिवसभर सोयाबीन काढून थकत नाही. गावाकडून फोन यायचे. कुणी म्हणायचं नजर लागली, कुणी म्हणायचं औंढ्याच्या नागनाथाला नवस बोला. बोलले. डॉक्टरांच्या गोळ्याही चुकवल्या नाहीत. बुडणाऱ्याला काडीचा आधार, मला तर दोन मिळाल्या होत्या.

पापुद्रा गळून गेला, सूज उतरली. वैष्णवी भाकर मागायला लागली. मला वाटलं, सुटलो. आणि नेमका तेव्हाच ईसीजी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, बिघडला. ठोके चुकत होते. "पलंगावरून खाली पाय ठेवू देऊ नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. चांगलं हसतं-बोलतं लेकरू, आणि त्याला उठून बसायचीही मनाई! मी तिचा हात धरून ठेवायचे. ती चिडायची, मीही चिडायचे, मग दोघी रडायचो.

व्हरांड्यात आबांनी डॉक्टरबाईंना गाठलं. "लस टोचून आत व्हतं काय, मला नीट सांगा."

त्या थांबल्या. "शरीरात राखण असते, आजोबा. पण न पाहिलेल्या शत्रूला ओळखायला तिला वेळ लागतो. तेवढ्यात शत्रू काम उरकतो. लसीत तेच विष असतं, फक्त त्याची मारायची ताकद काढून घेतलेली. राखण ते ओळखून ठेवते."

"म्हंजी दात काढलेला साप दाखवायचा, अन् म्हणायचं, वळख."

"बराबर. आणि काही वर्षांनी विसर पडतो, म्हणून परत दाखवायचा."

दुसऱ्या दिवशी आबा गावाकडं गेले. वैष्णवीच्या आजारामुळं नर्सताई गावात घरोघरी लस द्यायला आल्या तेव्हा शर्टाची बाही सगळ्यात आधी आबांनी वर केली, असं मागाहून कळलं.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते. आजार होऊन गेला की लेकरू पक्कं झालं, असं मला वाटायचं. घटसर्पात तसा भरवसा नाही. अँटिटॉक्सिन उसनं बळ, ते सरतं. आणि हा आजार शरीराला नीट शिकवूनही जात नाही. वैष्णवीला बरी झाल्यावर लस घ्यावीच लागली. तुमच्या लेकराचा घसा दुखून मान सुजली तर घरी काढे उकळत बसू नका. आणि लस झाली का विचारलं, तर कुणाला झाली तेही सांगा.

घरी आणल्यावरही तिला पळायला बंदी होती. शेवटी एका तपासणीला डॉक्टरबाईंनी आलेख बराच वेळ पाहिला. "आता पळू द्या तिला," त्या म्हणाल्या. गावात जीपमधून उतरलो तशी ती सुटलीच, थेट विहिरीपर्यंत. "हळू, अगं हळू!" मी मागून ओरडत राहिले. धापा टाकत परत आली. मी रस्त्यातच बसले आणि तिच्या छातीला कान लावला. गुदगुल्या होतात म्हणून ती हसत होती, आणि मी ऐकत होते.