पाळणाघरातलं पहिलं पाऊल

आमच्या खालच्या मजल्यावर शोभाताईंचं पाळणाघर आहे. आज तिथलं एक बाळ पहिल्यांदा चाललं, ते मी जिन्यातून पाहिलं. संध्याकाळी त्याची आई न्यायला आली, तेव्हा शोभाताई त्याबद्दल अवाक्षरही बोलल्या नाहीत. ती गेल्यावर मी विचारलं, तर म्हणाल्या, "उद्या घरी चालेलच की. तिला ते पहिलंच वाटू दे."

वर येऊन टीव्हीवर फुटबॉलची मॅच लावली. आमच्या छोट्या क्लबचा स्ट्रायकर पुन्हा मोठ्या क्लबच्या जर्सीत दिसला. त्यांनीच तो आम्हाला विकला होता, पण करारात एक ओळ घालून: वाटलं तर ठरल्या किमतीत परत घेऊ. यंदा घेतलाच. ती ओळ आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होती. तरी त्याच्या नावाची जर्सी घेतली, तो सोपे गोल चुकवायचा तेव्हा त्याच्यासाठी चाहत्यांच्या ग्रुपवर भांडलो. आता असा जीव लावायचाही थकवा येतो. पण लागतो.

तेवढ्यात त्याने गोल मारला. समालोचक म्हणाला, "घरच्या पोराचा पहिला गोल."

शोभाताईंसारखं गप्प राहावं म्हटलं. पण रिकाम्या खोलीत तोंडून निघालंच, "आमच्याकडे चालला होता तो आधी."