किसो घोड्याची झूल

ओल्या ताडपत्रीचा वास आला की मला जपानमधल्या नागानोतला तबेला आठवतो. आजारातून उठलेल्या तिथल्या एका म्हाताऱ्या किसो घोड्यासाठी, म्हणजे त्या भागातल्या बुटक्या जातीच्या घोड्यासाठी, मी आणि बायको हिवाळ्याची झूल घ्यायला निघालो होतो. मी घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट, पण खरेदीची अक्कल वडिलांचीच: स्वस्त घ्यायचं आणि वाढत्या अंगाचं. शर्यतीच्या घोड्याची जुनी, ताडपत्रीची झूल आणली, तर या बुटक्याच्या अंगावर ती जमिनीवर लोळायला लागली.

“अहो, म्हातारा आहे तो. अजून किती वाढणार?” बायको हसत सुटली. मग तिथेच बसून तिने कडा दुमडून टाके घातले. झूल अंगावर बसली, तशी हळूहळू घोड्याची थंडीने होणारी थरथर थांबली आणि तो चारा मागू लागला.

तेव्हा मी ओशाळलो होतो. आता वाटतं, कपडा मोठा घेताना हा जगणार, हे मी धरूनच चाललो होतो.