ऑन्वी या शब्दाची नोंद

लग्नाआधी ती मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. दिवसाला चारशे फोन जोडायची. लग्नानंतर सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि नोकरी सुटली. सासूबाई गेल्या, मुलगी परदेशी गेली. उरला नवरा आणि त्याचा शब्दकोश. नवरा इंग्रजी शब्दांना मराठी अर्थ देण्याचं काम गेली बावीस वर्षं करत होता, घरातल्याच एका खोलीत, दार लावून.

एका शब्दाशी मात्र त्याची गाडी अकरा दिवस अडली. अकराव्या दिवशी दुपारी तो कपाळ चोळत स्वयंपाकघरात आला. ती मटार सोलत होती.

"ऑन्वी," तो म्हणाला. "कंटाळाच, पण साधा नाही. भाषण रटाळ झालं तर हा शब्द चालत नाही. रांगेत उभं राहून पाय दुखले तरी नाही. सगळं ठीकठाक असताना जो येतो ना, तो. उबग म्हणावं तर जास्त होतं. वीट म्हणावं तर तो कशाचा तरी येतो. हा कशाचाच नाही."

ती म्हणाली, "भांडी घासून झालेली असतात. कपडे वाळत घातलेले असतात. कुणी आजारी नसतं, कुणी येणार नसतं. घड्याळात बघावं तर तीन. बऱ्याच वेळानं पुन्हा बघावं, तर तीन वाजून दहा मिनिटं. आपण मेलो तरी संध्याकाळपर्यंत कुणाला कळणार नाही, असं वाटतं. तसं का?"

नवऱ्याचे डोळे चमकले. "थांब, थांब! पुन्हा सांग."

तिने पुन्हा सांगितलं. त्याने पाकिटाच्या पाठीवर उतरवून घेतलं. आता विचारेल, ती मनात म्हणाली. हातातली शेंग तशीच राहिली. तो खोलीत गेला, दार लागलं. पाच मिनिटांनी उघडलं.

"कळणार नाही, की समजणार नाही?"

"कळणार नाही," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी कोशाचा पहिला खंड निघाला. समारंभात प्रमुख संपादकांनी नेमकी तीच नोंद वाचून दाखवली आणि म्हणाले, "हे लिहिणारा माणूस आतून किती होरपळला असेल!" टाळ्यांचा कडकडाट झाला. नवऱ्याने मान लववली. शेजारच्या खुर्चीवरच्या बाई डोळे पुसत तिच्या कानाशी लागल्या, "किती सोसलंय हो यांनी! तुम्ही जपा त्यांना."

बसमध्ये ती म्हणाली, "ते माझं होतं."

"काय?"

"त्यांनी वाचलेलं. मी माझ्याबद्दल सांगत होते."

"अगं, कोशात उदाहरणाखाली कुणाचं नाव घालत नाहीत," तो समजुतीच्या सुरात म्हणाला आणि गळ्यातला हार काढून तिच्या मांडीवर ठेवला.

आठवड्याभरात ती जुन्या इस्पितळात जाऊन उभी राहिली. फोन आता यंत्रच जोडत होतं. तिथल्या म्हाताऱ्या हेडक्लार्कने ओळख ठेवून तिला चौकशीच्या खिडकीवर बसवलं. एक्स-रे कुठे, रक्त कुठे तपासतात, प्रेत कुठून ताब्यात घ्यायचं. बोलून बोलून तिचा घसा बसायचा. बऱ्याच दिवसांनी तिला जेवण गोड लागू लागलं.

एका सकाळी चपला घालताना तिला नवऱ्याचा आवाज ऐकू आला. तो फोनवर संपादकांना सांगत होता, "काही नाही हो, घरी बोअर होते ती. म्हणून जाते."

अकरा दिवस ज्याने एकेक शब्द तराजूत घातला होता, त्याला बायकोसाठी हाच सापडला.

आठ महिन्यांनी इस्पितळाने भिंतींवर बाणांच्या पाट्या लावल्या आणि खिडकी बंद केली.

"बरं झालं," नवरा म्हणाला. "चहाची फार आबाळ होत होती."

तिने चहा केला. मुद्दामच साखर घातली नाही. त्याने कागदावरची नजर न उचलता कप रिकामा केला. दुसऱ्या दिवशीही तिने घातली नाही. आता ती घालतच नाही.