नवी चाल आणि गप्प झालेले शालोम काका

मंडळी, शब्बाथ, म्हणजे आम्हा ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, संपला, फोन हातात घेतला आणि आधी तुम्हालाच लिहितोय.

आज आमच्या सिनेगॉगमध्ये संध्याकाळची प्रार्थना गायचं काम माझ्याकडे होतं. आमचे हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, आठवडाभर घसा बसून घरी आहेत. पवईच्या ऑफिसला जाता-येता मी एक गोड, नवी चाल बसवली होती. सुरुवातीच्या स्तोत्राला तीच लावली. पुस्तकात बघत लोक साथ देऊ लागले. मी खूश.

मग लक्ष गेलं, एरवी सगळ्यांत मोठ्याने गाणारे शालोम काका गप्प होते. त्यांना आता अक्षरं दिसत नाहीत. सगळं पाठ आहे, पण जुन्या चालीवर. चाल बदलली की शब्दही सुटतात.

दुसऱ्या कडव्याला मी मुकाट्याने जुन्या चालीवर आलो. लगेच काकांचा आवाज माझ्या आवाजाच्याही वर चढला.

नंतर त्यांनी माझा दंड धरला. "काय रे, मैफल होती का?"

"चुकलं, काका."

"चाल झकास होती. पण माझं पहिलं कडवं राहिलं ना! चल, म्हण."

पायरीवर उभं राहून दोघांनी ते म्हटलं. काकू ओरडल्या, "अहो, रिक्षा थांबलीय!" काकांनी शेवटचा सूर मुद्दाम लांबवला.

मी देवासाठी गात होतो की स्वतःचा आवाज ऐकत होतो, अजून कळत नाही. नवी चाल मात्र आवडतेच. काकांच्या घरी जाऊन त्यांना ती शिकवावी, की ते सिनेगॉगमध्ये येताहेत तोवर जुनीच म्हणावी? तुम्ही काय केलं असतं?