पिवळ्या डोक्याच्या पक्ष्याचा दुरुस्ती अर्ज

माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले असले, तरी माझ्या हातचा अर्ज कोणत्याही कार्यालयाने भाषेच्या कारणास्तव परत केलेला नाही. म्हणूनच चिखलीच्या जुन्या शेतकरी घरातील एक मावशी भर पावसाळ्यात कचेरीबाहेरच्या माझ्या अर्जलेखनाच्या टेबलापाशी आल्या. ज्या पाणथळ गायरानात त्या म्हैस चारत, तेथे राडारोड्याचे डंपर रिकामे होऊ लागले होते. तेथील पाणकणसाच्या उंच गवतात पिवळ्या डोक्याची, काळ्या छातीची सुगरण घरटी विणते. नर घरट्याला ओला चिखल लिंपून त्यावर फुलांच्या पाकळ्या चिकटवतो. आसपासची बाकी पाणथळे बुजली. हा पक्षी आता एवढ्याच जागी उरला, असे त्यांचे म्हणणे होते; भराव थांबवण्याचा अर्ज त्यांना हवा होता.

पक्षी मी पाहिला नाही. पाहण्याची आवश्यकताही वाटली नाही. वस्तीतील लोकांच्या रहिवासाच्या अर्जांत जे वाक्य मी आजवर लिहीत आलो, तेच येथेही लिहिले: ‘सदर पिवळ्या डोक्याचा पक्षी उपरोक्त जागी बारमाही, कायमस्वरूपी वास्तव्यास आहे.’

पाहणी लागली ती थंडीत. पाहणीस आलेल्या अधिकाऱ्यांसोबत मी आणि मावशी काठावर उभे होतो. समोर गवताचे बी टिपणारा एक तपकिरी थवा होता. मला त्या चिमण्याच वाटल्या.

“काय राव,” अधिकारी मला म्हणाले, “पक्षी रजेवर गेला का तुमचा?”

“ह्येच हायती, सायेब,” मावशी म्हणाल्या. “पावसाळा सरला की नराचं पिवळं उतरतं. मादीवानी दिसाया लागतो.”

“अर्जात तर बारमाही पिवळा आहे, मावशी.”

मावशी माझ्याकडे वळल्या. “म्या आसं कवा सांगितलं, दादा?”

अधिकाऱ्यांनी ‘असा पक्षी आढळून आला नाही’ असे लिहावयास घेतले. तो शेरा पडला असता, तर भरावास मोकळीक होती. माझी मती गुंग झाली. मावशी खऱ्या, की माझे वाक्य खरे? ज्याचे रूप वर्षातून दोनदा पालटते, त्याची ओळख कागदावर कोणत्या शब्दांत पटवावी? स्वतःच्या अर्जावर दुरुस्ती अर्ज मी आयुष्यात लिहिलेला नव्हता.

तो गाडीच्या बॉनेटवर लिहिला. ‘सदर पक्ष्याचे पिवळे रूप केवळ पावसाळ्यात असते. पक्ष्याचे वर्णन अर्जलेखकाने न पाहता केले, ती चूक त्याची, अर्जदार महिलेची नव्हे.’ खाली सही करून कागद अधिकाऱ्यांपुढे धरला.

अधिकाऱ्यांनी तो दोनदा वाचला, आपली ओळ खोडली आणि लिहिले: पावसाळ्यात फेरपाहणी, तोवर भराव बंद.

ते गेल्यावर मी मावशींना म्हणालो, “यांतला नर कोणता, तेवढे दाखवा.”

“त्यो काय, कणसाच्या शेंड्यावर.”

शेंड्यावर तिघे होते. मी तिघांकडेही बराच वेळ पाहिले.